चतुःसीमा आणि वाट

बंगळूरच्या आग्नेयेस, आगर तलावालगत वसलेल्या एचएसआर लेआउटमध्ये भूखंडाची हद्द आणि त्याकडे जाणारा रस्ता ही दोन्ही नकाशानेच ठरविलेली आहेत. शहराबाहेर रानातली जमीन घेऊ पाहणाऱ्यास ही सोय नाही. त्याला महसुली दप्तर वाचावे लागते, आणि त्या दप्तराची परिभाषा मराठी वाचकास परकी वाटत नाही. कर्नाटकातील ‘पहणी’ म्हणजे मराठी पाहणीच. आकारबंद, गुंठा, खराब हे शब्दही दोन्हीकडे नांदतात. याचे एक कारण प्रशासकीय आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात घडविलेली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने स्थिरावलेली मुंबई इलाख्याची मोजणीपद्धती १८६३ पासून म्हैसूर संस्थानात लागू झाली.

त्यापूर्वीची सीमा ही वर्णनाची बाब होती. वारूळ, ओढा, वड, रोवलेला धोंडा असा क्रम धरीत ताम्रपटाचा लेखक दानभूमीभोवती जणू फेरी घालतो. मोजणीने ही फेरी क्रमांकात मिटविली. खरेदीखतात चतुःसीमा तेवढी उरली. पण ती शेजारी कोण हे सांगते, आत शिरायचे कोठून हे बहुधा सांगत नाही. ते शोधावे लागते ‘खराब’ या उपेक्षित रकान्यात. लागवडीस निरुपयोगी ती ‘अ’ खराब. वाटा, ओढे, तलाव यांसाठी राखलेली ती ‘ब’ खराब, आणि ती कोणाही खातेदाराची नव्हे. महाराष्ट्रात अशी वाट नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये शेजाऱ्याच्या बांधावरून ती मागण्यासाठी तहसीलदाराकडे जावे लागते.