तगाईपासून दोन हजारांच्या हप्त्यापर्यंत

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकेत सातबाराचा एखादा पिवळा पडलेला उतारा असतोच. बडोद्यात चार-चार पिढ्या झाल्या, तरी गावाकडच्या जमिनीवर अजून पणजोबांचेच नाव असते. गणपतीला भाऊबंद जमले की हल्ली हमखास विषय निघतो, "यंदाचे सरकारी दोन हजार आले का?" शेतकऱ्याला सरकारने पैसा पुरवण्याची रीत मात्र आजची नव्हे.

इ. स. १६७६ मध्ये शिवछत्रपतींनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, पोटाला दाणा नाही, त्याला बैलांसाठी पैसे आणि खायला धान्य द्यावे. वसुली व्याजावाचून, त्याला ताकद येईल तसतशी करावी, असा त्यातील आशय आहे. मदत राबणाऱ्या हातांसाठी होती, हे ध्यानात घ्यावे.

इंग्रजी अमलात सावकारी पाश आवळला आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. पुढे १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईला रीतसर रूप आले. पहिल्याने विहिरी-बांधबंदिस्तीसाठी, दुसऱ्याने बी-बियाणे व बैलांसाठी कर्ज मिळे. गुजरातीत हाच शब्द 'तगावी' म्हणून रुजला. पण तगाईला तारण किंवा जामीन लागे. ते नसणारा पुन्हा सावकाराच्याच दारी जाई. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सरकारकडून जेमतेम तीन रुपये येत असल्याचे आढळले. त्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते.

आता कर्ज नाही, थेट मदत आहे. २०१९ पासून पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत बँकखात्यात येतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये त्यात आणखी ६,००० ची भर घातली. मधला दलाल गेला, ही मोठी गोष्ट आहे.

पण हा पैसा जमिनीच्या नोंदीवरील नावाला मिळतो. अर्धलीने कसणाऱ्या वाटेकऱ्याला तो मिळत नाही. त्याचे नाव कुठेच नसते, याचे कारण आपणही जाणतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांत अनेक घरांच्या जमिनी गेल्या. त्या धास्तीने नंतरचे सारे व्यवहार तोंडी झाले. आमच्याही काही घरांत हप्ते जमा झाले, आणि पेरणी कोणी केली याची आठवण आम्हाला उशिराच झाली.

यंदा गावी जाल तेव्हा दोन कामे करावीत. वारसनोंद पुरी करून घ्यावी. आयकर भरणाऱ्यांना हा निधी लागू नाही, तेव्हा त्यांनी आपले नाव स्वतःहून काढून घ्यावे. आणि ज्यांच्या खात्यात हप्ता योग्य रीतीने येतो, त्यांनी बी-खताच्या खर्चात वाटेकऱ्याचा भार तेवढा हलका करावा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्राचा अर्थ आपल्यापुरता तरी एवढाच आहे.