क्यूआर कोड आणि चेतकची रांग

परवा चिंचवडच्या एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर क्यूआर कोड स्कॅन करायला ही गर्दी! पेन फुकट होतं ना. नंतर फोन केले, दोघांनीच उचलले.

मला आकुर्डीची चेतक आठवली. १९७२ साली आली, आणि पुढे तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. जाहिरात हवीच कशाला? पण जपानी तंत्राच्या मोटरसायकली आल्या, आणि १९८९ मध्ये टीव्हीवर 'हमारा बजाज' लागलं. त्यात ना किंमत, ना ॲव्हरेज. नुसती स्कूटरवरची आपली माणसं. अख्ख्या देशाला पाठ झालं. तरी गिऱ्हाईक मोटरसायकलकडे गेलंच. शेवटी कंपनीनेच २००१ मध्ये पल्सर आणली, ती चाकणला बनायला लागली. २००९ पर्यंत स्कूटर बंद.

आमचे साहेब म्हणतात, पुढच्या वेळी पेनऐवजी पॉवर बँक वाटू. मशीन कधी सुधारायचं, ते मीटिंगमध्ये निघालंच नाही.