सानगडी ते भंडारा : दोन तास

हा घटनाक्रम कुणा एकीचा नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव आवरला नाही, तर साधारण दोन तासांत बाई जाऊ शकते. ते दोन तास इथे भंडारा जिल्ह्यातल्या सानगडी गावावर मांडले आहेत. दिवस श्रावणाचे, धानाचा रोवणा आटोपलेला.

रात्री २:०० : प्रसूती सुखरूप, बाळ रडले. मिनिटभरात मांडीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. ही कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वीज जात राहिली असेल, तर औषधाचा गुण ओसरलेला असू शकतो.

२:१५ : वार पडली. अंगाखालचे कापड भिजले. "एवढं रगत त जातेच ना बाई," सासू म्हणते. नर्सलाही नजरेने तेवढेच वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात गरोदर बायांपैकी निम्म्याच्या जवळपास बाया रक्तक्षयी. अशा अंगातून अर्धा लिटर जाणे म्हणजे काय, हे कापड सांगत नाही.

२:३५ : याच वेळी जीव वाचतो किंवा जातो, असे माझे ठाम मत आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत एक साधी गोष्ट करून पाहिली : अंगाखाली खुणा असलेली प्लास्टिकची मोजपिशवी, आणि रक्त जास्त दिसताच गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी, सगळे एकदमच. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव ओळखू येत होते. या नव्या पद्धतीत शंभरातले ९३ आले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्याने मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी घटले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. यातल्या एकाही गोष्टीला गाडी लागत नाही.

३:०० : तळपाय गार, नाडी धावते. आता १०८ रुग्णवाहिकेला फोन.

३:२५ : साकोलीचे रुग्णालय. गर्भाशय अजून सैल. रक्त हवे, तेही बरेच. म्हणून भंडारा, महामार्गाने आणखी सुमारे ४० किलोमीटर.

३:४५ : लाखनीच्या आसपास. आता रक्त गोठेनासे झाले आहे.

४:०५ : मृत्यू.

२०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता गेल्या, देशात ९७. हा आकडा खूप खाली आला आहे, तो आणखी खाली येऊ शकतो. माता मृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत १०८ किती वाजता पोचली, हे विचारले जाईलच. त्याआधी विचारावे : २:१५ ला त्या कापडात किती रक्त होते, आणि ते मोजायला खाटेपाशी काय ठेवले होते?