संयोगाकडून सुलभतेकडे : एच.आय.व्ही.वरील एका गोळीचा इतिहास

औषधाचा इतिहास त्याच्या शोधापाशी संपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत ती अपुरी ठरते. १९८७ साली झिडोव्ह्युडीन उपलब्ध झाले. परंतु एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होतो, असे आढळून आले. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची संयुक्त योजना रूढ झाली आणि पाश्चात्त्य देशांत मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. तथापि ही योजना पाळणे कठीण होते. इंडिनाव्हिर हे औषध दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी व भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागे. संयोगाचे तत्त्व सिद्ध झाले होते. ते पाळण्याची रोग्याची शक्ती मात्र गृहीत धरलेली होती.

ही तीन औषधे एका गोळीत आणण्यास अन्यत्र मुख्य अडसर होता तो कायद्याचा. स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन व नेव्हिरापीन ह्यांची स्वामित्वे निरनिराळ्या कंपन्यांकडे होती. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यांच्या केवळ उत्पादन-प्रक्रियेस संरक्षण दिले होते. त्यामुळे मुंबईच्या सिप्ला कंपनीस २००१ साली ह्या तिहींची एक गोळी करता आली. ती दिवसातून दोनदा घ्यावयाची होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत युसुफ हमीद ह्यांनी एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेस हा उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्याच स्वरूपाच्या उपचारास दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असे.

ह्या गोळीचे मोल अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात विशेष जाणवते. पाथर्डी, जामखेड ह्या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कित्येक महिने उसाच्या फडावर काढतात. तेथे घड्याळ पाहून, उपाशीपोटी औषध घेणे व्यवहार्य नव्हे. आणि डोस वारंवार चुकले, तर विषाणू पुन्हा प्रबळ होतो. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत उपचारांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा अशा रोग्यांना तो पाळता यावा, ह्याचे बरेचसे श्रेय गोळ्यांच्या ह्या संयोगास द्यावे लागते. मात्र गोळीइतकेच महत्त्व माणसांनाही होते. रजनीकांत व मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली जामखेड येथे आरंभिलेल्या प्रकल्पाने, गावातील अल्पशिक्षित स्त्रीही आरोग्यसेवेचा कणा होऊ शकते, हे पूर्वीच दाखविले होते. नगर शहरात १९८९ साली स्थापन झालेल्या ‘स्नेहालय’ने वेश्याव्यवसायातील स्त्रिया व एच.आय.व्ही.बाधित बालके ह्यांना आधार दिला.

तरीही पहिली सोपी गोळी निर्दोष नव्हती. स्टॅव्ह्युडीनमुळे हातापायांस मुंग्या येत, गाल खप्पड होत. जो रोग गावापासून लपवावयाचा, तो उपचारामुळेच चेहऱ्यावर उमटे. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध क्रमशः मागे घेण्याचा सल्ला दिला. २०१३ मध्ये टेनोफोव्हिर व एफाव्हिरेन्झ ह्यांचा समावेश असलेली, दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी तिने प्रथम पसंतीची ठरविली. भारतीय कार्यक्रमात २०२० च्या सुमारास एफाव्हिरेन्झची जागा डोल्युटेग्रॅव्हिर घेऊ लागले.

ह्या सर्व क्रमावरून एक निष्कर्ष काढता येतो. उपचाराची सुलभता गोळ्यांच्या संख्येवरून मोजणे पुरेसे नाही. ती रोग्याच्या दिनक्रमावरून, त्याच्या स्थलांतरावरून आणि चारचौघांत वावरण्याच्या त्याच्या मोकळेपणावरून मोजावी लागते.