गणकयंत्राच्या स्मृतीतील दोष आणि त्यांचे निदान

गणकयंत्रावरील कामे वारंवार मध्येच बंद पडू लागली, की दोष प्रथम आज्ञावलीच्या माथी येतो. ती आज्ञावली ज्या स्मृतीत साठविलेली असते ती स्मृतीच सदोष असेल, हा संशय फार उशिरा येतो. याचे कारण उघड आहे. स्मृतीतील एखादा अंक उलटला, तरी त्याचा परिणाम तेथे दिसत नाही. तो अंक ज्या आज्ञावलीच्या वाट्यास येतो तिच्यात, कालांतराने दिसतो. कार्य व कारण यांमधील हे अंतर कसे कमी होत गेले, हाच या निदानाचा इतिहास होय.

मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांनी ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर विद्युत्भाराच्या रूपाने अंक साठविण्याची युक्ती सिद्ध केली. २१ जून १९४८ रोजी तेथे चाललेले लहान यंत्र मुख्यतः या स्मृतीची परीक्षा घेण्यासाठीच बांधले होते. तिची धारणशक्ती अवघी १,०२४ बिटांची. पहिले उदाहरण २,६२,१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचे होते. त्यास ५२ मिनिटे लागली. उत्तर उघड असल्यामुळे चूक झाली असती तर ती लपणार नव्हती. ज्ञात उत्तराशी ताडून पाहणे, हे निदानाचे पहिले सूत्र येथेच दिसते.

१९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी पुढचे पाऊल टाकले. समता-अंक केवळ चूक झाली एवढेच सांगतो. हॅमिंग यांच्या संकेतातील जादा अंक एका बिटाची चूक कोठे आहे हे दाखवितात, म्हणून ती सुधारताही येते.

त्यानंतर चुंबकीय कड्यांची स्मृती रूढ झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक यंत्रातही तीच होती. तीत अंक चुंबकनाच्या दिशेत राहत असे. परंतु १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही अर्धवाहक स्मृती आली आणि अंक पुन्हा क्षीण विद्युत्भारावर विसंबला. १९७८ मध्ये टिमथी मे व मरे वुड्स यांनी दाखविले, की वेष्टनद्रव्यातील युरेनियम व थोरियम यांच्या लेशातून निघणारे अल्फा कण हा भार बिघडवू शकतात. असा दोष क्षणिक असतो. भौतिक दोष मात्र त्याच जागी पुनःपुन्हा प्रकट होतो.

हा भेद हाच परीक्षेचा पाया ठरला. ख्रिस ब्रॅडी यांची १९९४ सालची मेमटेस्ट८६ ही आज्ञावली कार्यप्रणालीविना चालते, कारण कार्यप्रणालीने व्यापलेली स्मृती तपासता येत नाही. निरनिराळे आकृतिबंध लिहून ते परत वाचावयाचे, चुकीचा पत्ता नोंदवावयाचा, मग एकेक स्मृतिपट्टी काढून परीक्षा पुन्हा करावयाची, ही तिची रीत. परीक्षा निर्दोष पार पडली, तरी स्मृती निर्दोष ठरत नाही. चूक आढळली, तर मात्र संशयाला आधार मिळतो.

गूगलच्या यंत्रसमूहांवरील २००९ च्या अभ्यासात बियांका श्रोडर व सहकाऱ्यांना वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या. त्यांत क्षणिकांपेक्षा भौतिक दोषच प्रबळ असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही गणना शक्य झाली ती चुका नोंदविणाऱ्या स्मृतीमुळे. जेथे तशी सोय नाही, तेथे उलटलेला अंक कोणतीही खूण न ठेवता ग्रंथात, हिशेबात वा प्रयोगाच्या आकड्यांत मिसळून जातो. काम बंद पडणे हे त्या मानाने भाग्याचेच. कारण ते निदान इशारा तरी देते.