खोळंब्याचा इतिहास

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं गावात पिढ्यानपिढ्या सांगतात. सुरतेच्या वाटेवरचा स्वार इथं दमलेलं जनावर सोडायचा आणि ताजं घेऊन पुढं निघायचा. व्युत्पत्ती खरी की खोटी यावर पैज लावू नये, पण तिच्यामागचा अनुभव पक्का आहे. निरोप उशिरा पोचतो तो घोडा सावकाश धावतो म्हणून क्वचितच; बहुतेकदा ठाण्यावर मोकळा घोडा नसतो म्हणून. याच बदलापूरच्या पश्चिमेला सोनिवलीत आज एखादा मुलगा रात्री प्लेस्टेशनवर फुटबॉल खेळत असतो. तो पास देण्यासाठी बटण दाबतो आणि पडद्यावरचा पाय जरा उशिरानं हलतो. त्याला तो लॅग म्हणतो. आपल्या जुन्या भाषेत तो खोळंबाच. यावरचा ठरलेला सल्ला असा, की वाय-फाय सोड आणि लॅन केबल लाव. सल्ला बरोबर आहे. पण वायरीतून सिग्नल जास्त वेगानं जातो, हे त्याचं सर्रास सांगितलं जाणारं कारण साफ चूक आहे.

हवेतून रेडिओलहर सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जाते. काचेच्या तंतूतला प्रकाश सुमारे २ लाख किलोमीटरच कापतो, आणि तांब्याच्या लॅन केबलीतला सिग्नलही साधारण तेवढाच. म्हणजे नुसती धावण्याची शर्यत लावली तर बिनतारी जिंकेल. तारेच्या इतिहासातही वेळ वाचला तो धावण्यात नव्हे. मुंबई तारेनं आग्रा आणि कलकत्त्याला जोडली गेली १८५४ साली; त्याच वर्षी आगगाडी कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये बदलापूरवरून खोपोलीच्या दिशेनं पुढं गेली. १८६५ पासून कराची, इराणचं आखात, बगदाद, कॉन्स्टँटिनोपल अशा मार्गानं लंडनशी तार सुरू झाली, पण एका तारेला कित्येक दिवस लागत. वीज काही वाटेत थकत नव्हती. प्रत्येक ठाण्यावर कुणीतरी ती तार उतरवून घ्यायचा, पुढच्या ठाण्याला पुन्हा ठोकायचा, आणि इंग्रजी न कळणाऱ्या हातांत मजकुराची वाट लागायची. १८७० मध्ये सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्री केबल पडली आणि दिवसांचं काम तासांवर आलं. तांबं तेच, वीज तीच. मधले हात आणि मधल्या रांगा तेवढ्या कमी झाल्या.

मग बिनतारीची पाळी आली, आणि ती आली आपल्याच पुणे जिल्ह्यात. जुलै १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये मार्कोनी पद्धतीची 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. पाठवण्याचं केंद्र खडकीला होतं आणि ऐकण्याचं दौंडला. दोन्ही एकाच आवारात का बांधली नाहीत? कारण शेजारी प्रचंड ताकदीचा प्रक्षेपक ओरडत असताना सात-आठ हजार किलोमीटरवरून आलेली क्षीण लहर ऐकू येणं शक्य नव्हतं. बोलणारं तोंड आणि ऐकणारा कान यांच्यात पाऊणशेएक किलोमीटर टाकले, तेव्हा कुठं एकाच वेळी दोन्ही कामं होऊ लागली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढं ती लागणार आहे. या स्वस्त सेवेनं केबल कंपन्यांचा इतका धंदा ओढला, की साम्राज्य सरकारला दोघांचं लग्न लावून द्यावं लागलं. १९२९ मध्ये लंडनला दोन्ही धंदे एका कंपनीत आले आणि १९३२ मध्ये इथं 'इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स' उभी राहिली. नावातच तार आणि बिनतारी शेजारी शेजारी. १९४७ मध्ये ती सरकारी झाली, १९८६ मध्ये तिचं विदेश संचार निगम झालं, आणि याच निगमानं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य भारतीयाला इंटरनेट दिलं.

घरातल्या लॅनची गोष्ट याहून गमतीदार आहे, कारण तिचा उगमच बिनतारी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रमसन यांनी बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. नियम साधा होता: मनात आलं की बोला, दोघं एकदम बोलले आणि बोलणं वाया गेलं, तर थोडं थांबून पुन्हा बोला. या पद्धतीत त्या वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता वापरता येते, हे गणितानं निघालं. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये हीच कल्पना सुधारून जाड केबलीत घातली आणि तिला आकाशतत्त्वाच्या, ईथरच्या नावावरून 'इथरनेट' म्हटलं. म्हणजे सुरुवातीच्या वायरीतही सगळे एकाच रस्त्यावर, एकमेकांना अडवत. वायरीची सुटका झाली ती १९९० मध्ये. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज संस्थापकांपैकी असलेल्या, 'कल्पना' अशा अगदी घरगुती नावाच्या अमेरिकी कंपनीनं इथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला. प्रत्येक यंत्राला स्विचपर्यंत स्वतःची वायर मिळाली. पुढं सिग्नल जाण्याच्या आणि येण्याच्या तारांच्या जोड्याही वेगळ्या झाल्या आणि टक्कर हा प्रकारच संपला. १९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं, पण त्याला ही चैन परवडणारी नव्हती. राऊटरला खडकी आणि दौंड एकाच डबीत बसवायचे होते. त्यामुळे एका वाहिनीवर तो बोलत असेल तेव्हा ऐकू शकत नाही.

बदलापूरकरांना हे रुळांच्या भाषेत लगेच कळेल. ठाण्याकडून कल्याणपर्यंत लोकलला आणि लांबच्या गाड्यांना वेगवेगळे रूळ आहेत. कल्याणच्या पुढं कर्जतकडं दोनच. पुण्याकडची एक्स्प्रेस आली की लोकल थांबते. ती हळू चालते म्हणून थांबत नाही, पुढचा रूळ मोकळा नसतो म्हणून थांबते. म्हणून तर २०१९ मध्ये कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली. जास्त वेगाची गाडी हा त्यावरचा उपाय नव्हता. वाय-फाय याहून अडचणीचं, कारण तिथं जाणारी-येणारी दोन्ही वाहतूक एकाच रुळावर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. सात मजली इमारतीत घरटी एक राऊटर धरला तर तीन रुळांवर अख्खी सोसायटी. खेळणाऱ्याच्या यंत्रानं आधी कानोसा घ्यायचा, खालच्या मजल्यावरची मालिका चालू असली तर थांबायचं, नशिबानं ठरेल तेवढं आणखी थांबायचं, मग बोलायचं. पोच आली नाही तर पुन्हा. सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास टिकतं. एरवी दोन-तीन मिलिसेकंदांत होणारं काम मध्येच चाळीसवर गेलं, की दोन चित्रं गेली. सरासरी पिंग, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ, छान दिसतो आणि गोल मात्र बसतो.

यावर अनुभवाचा आक्षेप निघेल. उपनगरांत केबलवाल्याचं नेट आलं तेव्हा घरोघर वायरच होती, मग तेव्हा लॅग का यायचा? आक्षेप रास्त आहे. लॅन केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली प्लॅस्टिकच्या डब्यात स्विच, तिथून पुढच्या इमारतीवर, तिथं आणखी एक स्विच, अशी साखळी असायची. वळवाचा पहिला गडगडाट झाला की एखादं पोर्ट जळायचं. घरात शिरणारी वायर स्वतःची, पण चौथ्या गच्चीनंतरचा धागा शेकडो घरांचा. वायर असूनही रूळ सामायिकच. आजचा फायबरही अनेक घरांत वाटलेला असतो. फरक एवढाच, की तिथं कुणी कधी बोलायचं हे पलीकडचं यंत्र वेळापत्रकानं ठरवतं. वाय-फायच्या सहाव्या पिढीनं हेच वेळापत्रक हवेत आणलं आहे. राऊटर खोलीतच असेल आणि शेजार विरळ असेल, तर केबल आणि वाय-फाय यांत खेळणाऱ्याला फरक कळणारही नाही, हे कबूल करायला हवं.

बिनतारी जिंकल्याचा दाखला हवा असेल तर तो शेअर बाजारात सापडतो. २०१० मध्ये शिकागो ते न्यू यॉर्क परिसर अशी शक्य तितकी सरळ फायबर केवळ सट्टेबाजांसाठी पुरली गेली. जाऊन-येऊन सुमारे १३ मिलिसेकंद. दोनेक वर्षांतच मनोऱ्यावरून मनोऱ्यावर मायक्रोवेव्ह फेकणाऱ्यांनी तोच फेरा नऊच्या खाली आणला आणि पुरलेली काच जुनी झाली. पण त्या मनोऱ्यांची वारंवारता परवान्याची, राखीव. तिथं खालच्या मजल्यावर कुणी मालिका बघत नाही. सोनिवलीतल्या मुलाला राखीव रूळ मिळण्याचा एकच स्वस्त मार्ग आहे, तो म्हणजे राऊटरपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेनं नेलेली, क्लिपा ठोकलेली केबल. तिच्याकडून अवाजवी अपेक्षा मात्र करू नये. खेळाचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर सुमारे ३,९०० किलोमीटरचं सरळ अंतर काचेतून जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद खाणारच. आणि घरात कुणी लग्नाचे व्हिडिओ चढवत असेल तर राऊटरच्या पोटात रांग लागते, तिथंही केबल काही करू शकत नाही.

खेळयंत्रं बनवणाऱ्यांनी हा हिशेब दोन्ही बाजूंनी करून पाहिला आहे. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सला लॅनचं पोर्ट होतं आणि वाय-फाय नव्हतंच. २००६ मध्ये निन्टेन्डोनं वी हे यंत्र आणलं, त्यात उलट: वाय-फाय आत, वायर हवी तर अ‍ॅडॉप्टर वेगळा विकत घ्या. त्यांच्याच २०१७ च्या 'स्विच' नावाच्या खेळयंत्रातही तेच. दरम्यान वाय-फाय कितीतरी पटींनी वेगवान झालं होतं, आणि तरीही २०२१ च्या ओएलईडी स्विचच्या डॉकवर लॅनचं पोर्ट परत आलं. यंत्र हातात धरून खेळलं तर अजूनही वाय-फायच. टीव्हीपाशी डॉकमध्ये बसवलं तरच वायर.