बुळकांडी गेली त्याची गोष्ट

पावसाळ्यात माश्या वाढल्या की गोठ्यात एखाद्या वासराचे डोळे येतात. पाणी गळतं, डोळा लाल होतो, कधी फूलही पडतं. आपण डॉक्टरांना बोलावतो, औषध घालतो आणि बहुतेक वेळा वासरू बरं होतं. आपल्या आज्यांच्या काळी मात्र डोळे गळताना दिसले की पोटात गोळा यायचा. बुळकांडीची सुरुवातही तशीच व्हायची. आधी ताप, मग डोळ्यानाकातून पाणी, तोंडात चट्टे, शेवटी हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. बैल गेला की पेरणीही गेली.

या रोगापायी इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला. पुढे १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, तीही आपल्या पुण्यात. पण इतका जहाल रोग भरवस्तीत सांभाळायचा कसा? म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. तिथं १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं एक युक्ती केली. बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा नेत राहिला. शेळीत रुळता रुळता तो गाईला मारण्याइतका जहाल राहिला नाही. त्याचीच लस झाली. आपण जिला गरिबाची गाय म्हणतो, तिनं गाईला वाचवलं!

ही लस टोचल्यावर जनावराला ताप यायचा, दूध कमी व्हायचं. संकरित गाईंना तर ती फारच जड जायची. तेव्हा टोचून घ्यायला कचरणाऱ्या बायकांना मी अडाणी म्हणणार नाही. पुढे केनियात प्लोराइट यांनी सौम्य लस शोधली, तेव्हा तो त्रास सरला.

देशभर मोहीम सुरू झाली १९५४ मध्ये. तेव्हा आपलं पुसेगाव हैदराबाद राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होतं. शंभरातली ऐंशी जनावरं टोचायची, असं ठरलं होतं. रोग खूप कमी झाला, पण गेला नाही. उरलेल्या वीसांत आणि नव्यानं जन्मलेल्या वासरांत तो तग धरून राहिला. त्याला हटवायला आणखी चाळीस वर्षं लागली. भारतातला शेवटचा रोगी १९९५ चा. मग लस मुद्दाम बंद केली, कारण टोचलेल्या जनावरांत रोग लपला की संपला, ते कळत नाही. गावोगाव शोध घेतला. २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी गेल्याचं जाहीर झालं.

२०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा पुन्हा शेळीच कामी आली. शेळ्यांना देवी येतात, त्यावरची लस आपल्या गाईंना टोचली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले.

डोळे येण्यावर मात्र आपल्याकडे सरकारी मोहिमेत लस नाही. त्याचे जंतू माशीच्या पायाला चिकटून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातात. तिथं उकिरडा गोठ्यापासून लांब हवा, आणि डोळे आलेलं वासरू त्याच दिवशी सावलीत, वेगळ्या दाव्याला.